काकूंची बादली

हप्ते थकले आणि बँकेनं आमच्या घराला सील ठोकलं. मॅनेजर म्हणाले, "झेपत नव्हतं तर कर्ज घेतलंत कशाला?" मी म्हणालो, "झेपणार नाही हे दिसत होतं, तर दिलंत कशाला?" आम्ही बिऱ्हाड उचलून सासऱ्यांकडे गेलो.

"खालच्या काकूंना आता सुटल्यासारखं झालं असेल," बायको म्हणाली. आमच्या मोरीचं पाणी त्यांच्या ओट्यावर गळायचं, आणि त्यावरून त्यांनी वर्षानुवर्षं माझं डोकं खाल्लं होतं.

पण काकूंनी आता मॅनेजरना धरलं. रोज सकाळी त्या भरलेली बादली घेऊन थेट त्यांच्या केबिनमध्ये शिरायच्या. "घर तुम्ही घेतलंत ना? मग गळतीही तुमचीच! हे बघा, रात्रभरात एवढं साचलं." बादली हिंदकळायची, फरशी ओली व्हायची, रांगेतली माणसं हसायची आणि शिपाई बिचारा पुसत बसायचा.

शेवटी मॅनेजरांचाच मला फोन आला. "हप्ता कमी करून देतो. किल्ली घेऊन जा, पण त्या बाईंना आवरा हो!"

सामान घेऊन परतलो, तर काकू जिन्यातच उभ्या. मला राहवलं नाही. "काकू, वर घराला कुलूप, नळ बंद. मग गळत काय होतं?"



"हळू बोल, मेल्या! अख्ख्या बँकेत हे एकालाही सुचलं नाही."