मोकळा उतार

“आबा, मुंगीसुद्धा एव्हाना खाली पोचली असती!” हितेंद्र मागून ओरडला.

पुढे त्याचा बाप, धनसिंग, बर्फावरून स्कीवर सरकत होता. सरकत कसला, रांगत होता. स्कीची टोकं जुळवायची, टाचा बाहेर फाकवायच्या, की वेग मरतो. शिकवणाऱ्याने सकाळी दाखवलेला हा ब्रेक बापाने जो धरला तो सोडलाच नाही. पोरंटोरं शेजारून सूं करत निघून जात आणि वळून हसत. मागे बापाचे बूट हातात घेऊन हितेंद्र पायी उतरत होता, आणि त्यालाच वाट पाहत थांबावं लागत होतं.

या हळूपणाची त्याला लहानपणापासून चीड. बाप बसचा ड्रायव्हर. कन्नडच्या घाटात बाकीचे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला सोडत; हा दुसऱ्या गिअरमध्ये कुंथत उतरे. लोक त्याला ‘बैलगाडी’ म्हणत आणि शाळेत हितेंद्रला ‘बैलगाडीचं वासरू’. घरच्या स्कूटरवर हितेंद्र मागे बसला की सायकली पुढे निघून जात.

निवृत्त झाल्यावर म्हाताऱ्याने एकच हट्ट धरला. “जनमभर ब्रेक दाबत घाट उतरनू. एक डाव तरी उतार मोकळा उतरनं शे माले.” अख्खं एरंडोल हसलं. त्याने पायांना फळ्या बांधून जिनिंगमधल्या सरकीच्या ढिगावर सराव केला, धुळ्याच्या बाजारातून कुणाचा तरी जुना कोट आणला आणि मनालीचा बर्फ गाठायला रेल्वेचं सर्वांत स्वस्त तिकीट काढलं. आईने हितेंद्रला सोबत धाडलं. त्याची वर्षाची रजा यात गेली.

भाड्याची स्की परत करायची वेळ झाली. आता शेवटची खेप.

“एवढी भीती होती तर मनालीपर्यंत आलात कशाला?” वर पोचल्यावर हितेंद्र म्हणाला. “घाबरट होतात, घाबरटच राहिलात.”

धनसिंगने पट्टे आवळले. “तू खाले जाय,” तो म्हणाला. “मांगे नको ऱ्हाऊ.”

फजिती बघायला कुणी नको असेल, असं समजून हितेंद्र पाय आपटत खाली गेला. तिथून त्याने वळून पाहिलं.

बापाच्या टाचा जुळलेल्या होत्या. दोन्ही स्की सरळ, तोंड उताराकडे. टोपी उडाली तरी तो वाकला नाही.

“आबा, ब्रेक! ब्रेक लावा!”

बाप त्याच्या समोरून सुसाट गेला आणि टोकाच्या बर्फाच्या ढिगात तोंडावर आदळला.

हितेंद्र धावत पोचला. “डोकं फुटलं असतं म्हणजे? सकाळपासून नुसता ब्रेकच दाबताय, आणि आत्ता का नाही लावला?”

धनसिंगने तोंडातला बर्फ थुंकला आणि चष्मा चाचपू लागला.

“आत्ते मना मांगे कोनी बठेल नव्हतं.”