तीन महिने कुठे होतीस?

“गेल्या वर्षी तीन महिने कुठे होतीस, ते सांग आधी!” मागच्या रांगेतून आवाज आला आणि सभागृह हसलं. विद्यार्थी परिषदेच्या सचिवपदासाठी शलाका उभी राहिल्यापासून विद्यापीठातल्या प्रत्येक ग्रुपवर हेच फिरत होतं. कुणी म्हणे पळून गेली होती, कुणी त्याहून वाईट.

शलाकाने भाषणाचा कागद मिटला. “मनोरुग्णालयात होते. जगावंसं वाटत नव्हतं मला. बरी होऊन परत आले, तर हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. डॉक्टरांचं पत्र कुणी उघडूनही पाहिलं नाही. म्हणून उभी आहे. अजून काही विचारायचंय?”

मिटलेला कागद तसाच हातात घेऊन ती मंचावरून उतरली.

निकालात ती एकवीस मतांनी हरली. दुसऱ्या दिवशी परीक्षा विभागात शिरली, तेव्हा तिच्यामागे आजारपणात वर्ष गेलेले अकरा जण होते. त्यांतल्या दोघांनी तिला मत दिलं नव्हतं, हे त्यांनी जिन्यातच सांगून टाकलं होतं.

“तुमच्यातलं निवडून कोण आलंय?” कारकुनाने विचारलं.

“कुणीच नाही,” शलाका खुर्ची ओढून बसली. “पण आमची पत्रं वाचल्याशिवाय आम्ही इथून उठणार नाही.”