दाजींचा डबा

"हा डबा तुझ्या दाजींचा आहे. एक जरी लाडू कमी झाला, तर परत माझ्या दारात येऊ नकोस," असं बजावून सरिताताईने नागलीच्या लाडवांचा डबा मनोजच्या हातात दिला. दाजी लेहला, लष्करात. मनोज आणि नियाज नाशिकहून गाडीने लडाखला निघालेले.

चांदवडला नियाज म्हणाला, "नुसता वास घेऊन बघू रे."

मालेगावला मनोज म्हणाला, "दोन गेले तर ताईला काय कळणार आहे?"

धुळ्याला दोघांनी उरलेले लाडू विरळ मांडून डबा भरल्यासारखा दिसतो का, ते पाहिलं. दिसेना. मग तेही खाल्ले.

पुढे आठवडाभर डोंगर आले, नद्या आल्या, बर्फ आलं. गाडीवर इतकी धूळ चढली की तिचा रंग आठवावा लागे. मनोजला मात्र सगळीकडे ताईचं बंद दार दिसत होतं.

लेहच्या वेशीवर दाजी भेटले. मनोजने मान खाली घालून रिकामा डबा पुढे केला. "दाजी, ताईला सांगू नका ना."

दाजींनी डबा उघडूनही पाहिला नाही. त्यांनी डिकीतून फडक्यांची बादली ओढली. फडक्यांखाली दुसरा डबा होता, काठोकाठ भरलेला.

"सरिताचा फोन आला होता," लाडू तोंडात टाकत दाजी म्हणाले. "म्हणाली, त्यांचे लाडू त्यांच्या हातात दिलेत. तुमचे गाडी पुसायच्या बादलीत आहेत, तिथे मनोजचा हात जायचा नाही."