दोन तास ऊन

"उजवा साडेसहा, डावा सहा," डॉक्टर म्हणाले. मागच्या वर्षी दोन्ही डोळ्यांचा नंबर पाच होता.

नीलिमानं खुर्चीत बसलेल्या पोरीकडे पाहिलं. स्नेहा नऊ वर्षांची. तपासणीसाठी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करणारं औषध घातलेलं, त्यामुळे खोलीतला उजेडही तिला सोसत नव्हता.

"नंबरासाठी दिलेले थेंब रोज टाकता ना?"

"एका दिवसाचा खाडा नाही, डॉक्टरसाहेब. मोबाईल तर तिच्या हाती देतच नाही. अन् तुमी सांगतलं तसं दोन घंटे बाहीर उन्हात. शाळेच्या आंधी एक, शाळा सुटल्यावर एक."

खरंच होतं ते. अनसिंगला त्यांच्या गल्लीतल्या बाया हसायच्या. ही पोरीला पापडासारखी वाळत घालते, म्हणायच्या. नीलिमानं मनावर घेतलं नव्हतं. तिचा स्वतःचा नंबर चौदा. त्यापायीच चार वर्षांपूर्वी भाकरी थापता थापता डाव्या डोळ्याचा पडदा सुटला, तो डोळा गेलाच. आता काय ते उजव्यावर.

"औषधानं नंबर वाढायचा वेग कमी होतो, बाई. थांबत नाही. काही मुलांना फारसा गुण येत नाही."

"मंग आता अजून काय करू?"

"थेंब थोडे जास्त ताकदीचे देतो. बाकी चालू आहे तेच चालू ठेवा." डॉक्टर चष्म्याची चिठ्ठी लिहू लागले.

"मी एक दिवस बी चुकवला नाही, आई," स्नेहा मध्येच म्हणाली. "ताप होता तवाबी ओट्यावर बसली होती." नापास झालेलं पोर सांगतं, तसं ती सांगत होती.

"तुही काई चूक नाही, बाई."

"मंग कोनाची हाय?"

नीलिमानं चिठ्ठी घेतली, घडी करून पर्समध्ये ठेवली.

वाशीमच्या स्टँडवर ऊन डोळ्यांत घुसत होतं. समोर तीन गाड्या उभ्या होत्या. पाट्या वाचायचं काम नेहमी स्नेहाचं. तिनं कपाळावर आडवा हात धरला, बराच वेळ पाहिलं.

"दिसूनच नाही राह्यलं. समदं धुपटावानी हाय."

"औषधाचं हाय ते. उद्यापर्यंत उतरते."

स्नेहानं कपाळावरचा हात खाली घेतला. मग आईकडे न बघताच तिनं विचारलं, "तुले रोज असंच दिसते काय व?"

"नाही," नीलिमा म्हणाली. "मले चांगलं दिसते."

समोरची गाडी हलली. फाटकाजवळ कंडक्टर दारातून ओणवा होऊन "अनसिंग, अनसिंग" ओरडला, तेव्हा दोघींना कळलं, ती त्यांचीच होती.