हौशी गृहिणीच्या चकल्या

ऐन दिवाळीच्या तोंडावर शाल्मलीने पाककृतींच्या पेजवर आठवडाभर नुसती फुलं आणि सुविचार टाकले, तेव्हा फॉलोअर्स भराभर गळाले. 'हौशी गृहिणी' नावाच्या एका बाईंनी तर झापलंच, "फुलं पुरे! माझ्या चकल्या तेलात विरघळतायत, त्याचं बोला."

शाल्मलीने खोलीतूनच व्हिडिओ टाकला, "घाबरू नका, मोहन जास्त झालंय. मूठभर कोरडी भाजणी घालून पुन्हा मळा."

तासाभरात धडाधड लाईक पडले. ती नाचतच स्वयंपाकघराकडे निघाली, तर आतून तिचाच आवाज, "घाबरू नका..."

एरवी "मला शिकवू नकोस" म्हणणाऱ्या सासूबाईंनी फोन पटकन पदराखाली लपवला आणि कुरकुरीत चकली पुढे केली. "घे. माझ्या आईची पद्धत."

हसू दाबत शाल्मलीने तिथेच पेजवर हौशी गृहिणीला विचारलं, "जमल्या का हो, ताई?"

पदराखाली टिंग झालं.