हातगुण

“परत,” बाबा म्हणाले आणि चिंगीने बटण दाबलं.

पांघरुणावर आडव्या ठेवलेल्या फळीवर लॅपटॉप होता. पडद्यावर आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ उमटली. तिच्याखाली शिल्लक आली. शून्य.

“परत.”

मामा बूट काढता काढता दारातच थांबला. ताईने फोनवर सगळं सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. भाड्याने आणलेल्या दवाखान्याच्या पलंगावर भाचीला उशांच्या आधाराने टेकवून ठेवलं होतं. आधी तिचे पाय गेले, मग हात. आता उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं, आणि भाऊजींनी तेही कामाला जुंपलं होतं.

“ये, ये,” भाऊजी म्हणाले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. “तुझ्याच लायनीतलं आहे, बघ. ही ओळ म्हणजे एका क्रिप्टो वॉलेटची, ऑनलाइन पैशांच्या पाकिटाची किल्ली. बटण दाबलं की हे पान कुठली तरी एक किल्ली काढतं आणि त्या वॉलेटमध्ये किती आहे ते दाखवतं. कित्येक मालक मरून गेलेत, वॉलेटं भरलेलीच पडलीयत. एक लागलं की हिच्या त्या महागड्या इंजेक्शनचा प्रश्न मिटला.”

मामा कॉम्प्युटर इंजिनिअर. ताईने त्याला याचसाठी बोलावलं होतं. ती स्वतः सांगून सांगून थकली होती. फोनवर म्हणाली होती, “दिवसभर त्या एका बोटाने दाबत बसते रे. संध्याकाळी मी तिचा हात हातात घेते, तर ते बोट माझ्या बोटाभोवती वळतसुद्धा नाही. मला तेवढंच उरलंय, तेही ते घेतात.” आता ती पलंगाच्या पलीकडे चादरीच्या घड्या घालत होती. भावाकडे बघत नव्हती, पण कान सगळे इकडेच होते.

वाटभर घोकलेलं मामाने बोलून टाकलं.

“भाऊजी, नाही लागणार. अवघड आहे असं नाही म्हणत मी. लागणारच नाही. जगातली झाडून सगळी माणसं रात्रंदिवस बटणं दाबत बसली, पार सूर्य विझेपर्यंत बसली, तरी एक भरलेलं वॉलेट हाती लागायचं नाही. कुणाला चुकूनसुद्धा सापडू नये, म्हणूनच तो आकडा एवढा अफाट ठेवलाय.”

“पण शक्यता शून्य तर नाही ना?”

“शून्यच समजा.”

“समजू या.” भाऊजी हसले. ते हसू बघवत नव्हतं. “डॉक्टर म्हणाले, हा आजार दहा लाखांत एखाद्याला होतो. एवढ्या मोठ्या जगात त्याला आमचंच घर बरं सापडलं! कुणाला पत्ता विचारावा लागला नाही त्याला. तेव्हा नाही आलास गणित घेऊन.”

दहा लाख कुठे आणि हा आकडा कुठे, हे मामाला सांगता आलं असतं. पण त्या खोलीत ते सांगायची त्याला लाज वाटली.

“मग तुम्ही दाबा ना,” तो कसंबसं म्हणाला. “पोरीला कशाला?”

“माझ्या हातून काय लागणार आहे! नशिबाने एवढ्या लोकांतून हिला निवडलंय. लागलं तर हिच्याच हातगुणाने लागेल.” भाऊजी उठले. गोळीची वेळ झाली होती. चिंगीला गोळी गिळता येत नसे, कुटून पाण्यात कालवून द्यावी लागे. “तू थांबू नकोस गं चिंगे. मी आलोच.”

ते आत गेले. स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा आवाज येऊ लागला.

चिंगीने बटण दाबलं. शून्य. पुन्हा दाबलं. बोट बटणावरून घसरलं, तिने ते इंच-इंच ओढत परत जागेवर आणलं.

“मामा,” ती पुटपुटली, “लागत नाही काही. मला माहितीये.”

“मग दाबतेस कशाला?”

“थांबले की बाबा रडतात. बाथरूममध्ये, नळ सोडून.”

चादर ताईच्या हातातच राहिली. मग मामाने चिंगीचा हात अलगद उचलला आणि ताईच्या हातात दिला. ताई पलंगाच्या कडेला टेकली आणि तिने आपलं बोट त्या तळव्यात ठेवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग ते बोट हळूहळू वळलं आणि आईच्या बोटाला बिलगलं.

आतला कुटण्याचा आवाज थांबला.

“चिंगे? बटणाचा आवाज नाही आला?”

मामाने घाईघाईने बटण दाबलं.

“शून्य, बाबा,” चिंगीने जमेल तेवढ्या मोठ्याने सांगितलं. आत पुन्हा कुटणं सुरू झालं.

मामाने आणखी एकदा दाबलं. बटण दाबल्यावर शिल्लक यायला क्षणभर वेळ लागे, तेवढ्यात पडद्यावर एक बारीक चक्र फिरत राही. सूर्य विझेपर्यंतचा हिशोब मघाशी तोंडपाठ म्हणून दाखवणारा मामा श्वास रोखून पुढे वाकला होता.

“मामा,” चिंगी हळूच म्हणाली, “एवढं काय बघतोयस? शून्यच असतं ते.”