विटांचे तीन स्टंप

आर्किटेक्ट केतकीनं नव्या लायब्ररीचं मॉडेल मुख्याध्यापिकांच्या टेबलावर मांडलं आणि खिडकीतून डोकावणाऱ्या पोरांचे चेहरे पडले. मॉडेलमधल्या विटांच्या खोल्या नेमक्या त्यांच्या क्रिकेटच्या पिचवर बसत होत्या.

"मग आम्ही खेळायचं कुठे?" शाळेची हुकमी बॅट्समन रुबिना रडकुंडीला आली.

मॉडेलमधल्या खोल्या सुट्या, हलवता येण्याजोग्या होत्या. केतकीनं त्या कडेला सरकवल्या आणि मैदानाकडच्या बिनखिडकीच्या भिंतीवर पांढऱ्या विटांचे तीन स्टंप आखले.

"लायब्ररीवर बॉल आपटणार?" मुख्याध्यापिका कडाडल्या.

"आपटू दे की, बाई! आउट होईल त्यानं आत वाचत बसायचं, पुन्हा बॅटिंग येईपर्यंत."

लायब्ररी उघडल्यावर काही दिवसांनी केतकी मुद्दाम सामना बघायला आली. रुबिनानं पहिल्याच बॉलला बॅट उचललीच नाही. बोल्ड! केतकी हळहळली.

रुबिना मात्र आत पळता पळता ओरडली, "गोष्ट अर्धी राहिलीय!"